रेडिओ साइटचं ऑडिट: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांचे सिक्युरिटी इन-चार्ज, हिंजवडीतल्या इमारती सांभाळणारे, कॉलेजांचे कम्युनिटी रेडिओवाले, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि अधूनमधून एखादे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. रेडिओ साइट म्हणजे रेडिओ सेट आणि अँटेना जिथे बसवलेल्या असतात ती जागा; अशा जागांची खाजगी तपासणी आम्ही करतो. आम्हाला येणारे फोन साधारण यांचेच असतात आणि प्रश्नही फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एका जागी लिहून काढले. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, पुढे अडचणीचे. ज्याचं उत्तर आधी येऊन गेलं आहे तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेट चालतोय, आवाज स्वच्छ येतोय. मग ऑडिटमध्ये तपासायचं काय उरतं?

सेट चालतो की नाही हे तुमचा टेक्निशियन सांगतोच. ऑडिटला बघायचं असतं ते वेगळं: परवान्यावर जे लिहिलं आहे तेच साइटवर आहे का? फ्रिक्वेन्सी, पॉवर, बँडविड्थ, सेटची संख्या, अँटेनाची जागा, तिची उंची, सगळं ओळीने ताडून बघायचं. त्यानंतर मीटर लावून हवेत प्रत्यक्ष काय जातंय ते मोजायचं.

मुद्दाम नियम मोडणारे फार थोडे भेटतात. बहुतेक ठिकाणी साइट कागदापासून हळूहळू सरकलेली असते. एका वर्षी अँटेना जळाली, बदली मिळाली ती जरा जास्त गेनची, म्हणजे सिग्नल एका बाजूला जास्त जोराने फेकणारी होती. पुढच्या वर्षी छपराचं काम निघालं, म्हणून अँटेनाचा पाइप दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मग तिसरी पाळी सुरू झाली आणि सहा हँडसेट वाढले. यातलं काहीच कुणी लपवलेलं नसतं. लिहूनही ठेवलेलं नसतं, एवढंच.

२. हे ऑडिट सरकार करतं का आम्ही करून घ्यायचं?

दोन्ही. सरकारी तपासणीचा अधिकार परवान्याच्या अटींतच असतो. दूरसंचार विभागाचे अधिकारी साइटवर येऊ शकतात, आणि त्यांची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन तर तुमच्या दारात न येताही ऐकत असते. ऐकणं हेच तिचं काम आहे. आपण खाजगीत करून घेतो ते ऑडिट म्हणजे परीक्षेआधीची सराव परीक्षा. त्याचा अहवाल तुमच्या फायलीसाठी असतो, त्याने परवाना मिळत नाही की वाढत नाही. आमच्या शिक्क्याला सरकारदरबारी वजन आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आम्ही सांगितलं तरी.

३. परवाना कोण देतं? इतके वेगवेगळे कागद कशाला?

दूरसंचार विभागातली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, म्हणजे सगळे म्हणतात ती डब्ल्यूपीसी. ही शाखा १९५२ पासून आहे. अर्ज हल्ली सरल संचार पोर्टलवर होतात. कागद एकाच परवान्याचे वाटले तरी प्रत्येकाचं काम निराळं आहे.

आधी फ्रिक्वेन्सी द्यायला तत्त्वतः मंजुरी मिळते. त्यावर तुम्ही डीलरकडून सेट घेता, आणि डीलरकडेही असे सेट बाळगण्याचा स्वतःचा परवाना हवा. जिथे अँटेना कायमची उभी राहणार त्या जागेला ‘सॅक्फा’ची मंजुरी लागते. सॅक्फा म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटपावरची स्थायी सल्लागार समिती. संरक्षण, विमान वाहतूक, रेल्वे अशा सगळ्यांना ‘इथे मास्ट (अँटेनाचा खांब) उभारला तर तुमची हरकत आहे का’ हे तिच्यामार्फत विचारलं जातं. सगळं जमलं की वायरलेस ऑपरेटिंग लायसन हातात येतं. सेटचं मॉडेल मान्य आहे का, हा आणखी वेगळा कागद: इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, बोलीभाषेत ‘ईटीए’.

ऑडिटला आलो की आम्ही पहिल्यांदा हे सगळे कागद टेबलावर मांडायला सांगतो. निम्म्या ठिकाणी लायसन सापडतं पण सॅक्फाचं पत्र सापडत नाही. ते जुन्या ॲडमिन मॅनेजरच्या ईमेलमध्ये असतं आणि तो मॅनेजर आता बंगळुरूला असतो.

४. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय. म्हणजे आमचं जुनं लायसन बाद?

नाही. तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. काही कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली, आणखी काही त्याच वर्षी ५ जुलैपासून. तेवढ्याने आधी दिलेले परवाने रद्द झालेले नाहीत. तुमच्या लायसनवर १८८५ चा टेलिग्राफ कायदा किंवा १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा लिहिलेला दिसला तर घाबरू नका, मुदत बघा.

नव्या कायद्यात शिक्षा मात्र कडक आहे. परवानगीशिवाय दूरसंचार जाळं उभारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या १९३३ च्या कायद्यातली एक गोष्टही लक्षात ठेवा. तो कायदा वापरापुरता नाही, ‘बाळगण्या’बद्दलही आहे. कपाटात बंद पडून असलेला बिनपरवाना ट्रान्समीटरही त्यात येतो. तो कपाटात का असतो, हे प्रश्न १९ मध्ये.

५. ऑनलाइन वॉकीटॉकी मागवले. जाहिरातीत ‘लायसन फ्री’ लिहिलं होतं. चालतील?

भारतात अशा हँडसेटसाठी परवान्यातून सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, कमी पॉवरच्या सेटना. तीही सेटला ईटीए असेल तर. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच हँडसेट १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढे ४७०-५२० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रोग्रॅम होतात. असा सेट ४४६.१ वर लावून ठेवला तरी तो ‘सूट असलेला सेट’ होत नाही. सूट सेटच्या प्रकाराला आहे, तुम्ही फिरवलेल्या बटणाला नाही.

परवाना लागतो की नाही हे न सांगता असे सेट सर्रास विकले जात होते. म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. खरेदीआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि ईटीए क्रमांक काय. दुसऱ्यावर तो गप्प बसला तर तुम्हीही पैसे द्यायचं थांबा.

६. गणपतीत मंडळासाठी दहा दिवस वॉकीटॉकी भाड्याने घेतो. दहा दिवसांना कसलं लायसन?

दिवसांवर काही नसतं. प्रश्न ५ मधले सूट असलेले सेट असतील तर बिनधास्त वापरा. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशात तसंही कुणाला काही ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी. सेट त्या पट्ट्याबाहेरचे असतील तर भाड्याने देणाऱ्याकडे ते तुम्हाला वापरायला देण्याचा अधिकार आहे का, हे कागदावर बघून घ्या. ‘आम्ही सगळ्या मंडळांना देतो’ हा कागद नव्हे. पोलिसांच्या बंदोबस्ताची सगळी यंत्रणा त्या दिवसांत रेडिओवर असते. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचं मुख्यालयच पुण्यात आहे. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरचा आवाज त्या दिवसांत पहिल्यांदा ऐकू जातो तो त्यांनाच.

७. सगळ्यात जास्त चुका कुठे सापडतात?

अक्षांश-रेखांशात. मीटर पेटीतून बाहेर काढायच्या आधीच.

पुण्यात नेहमी होणारी एक चूक सांगतो. मोबाइलवर जागा बघितली की मिळते दशांशात: १८.५२०४ उत्तर, ७३.८५६७ पूर्व. फॉर्म मागतो अंश-मिनिट-सेकंद. घाईत भरणारा माणूस १८.५२०४ चं सरळ १८ अंश ५२ मिनिटं ०४ सेकंद करून टाकतो. रेखांशात हीच चूक केली तर ८५ मिनिटं होतात. मिनिटं साठाच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तिथे चूक पकडली जाते आणि तो आकडा नीट बदलून भरला जातो. अक्षांशातले ५२ मात्र खपून जातात. परिणाम काय? शहरातली साइट कागदावर जवळजवळ ३८ किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या आसपास जाऊन बसते. मग सॅक्फाची मंजुरी आहे, पण दुसऱ्याच जागेला.

आम्ही मास्टच्या बुडाशी उभं राहून रीडिंग घेतो, गेटवर नाही. अक्षांशातला १ सेकंद म्हणजे साधारण ३१ मीटर. मोठ्या कारखान्यात गेट आणि टॉवर यांत दहा-बारा सेकंदांचा फरक सहज पडतो. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार, डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं तो) आहे ना तेही बघून ठेवा, जुन्या सर्व्हे नकाशांवरचे आकडे थोडे सरकलेले असतात.

८. उंची कुठून मोजायची? आणि लोहगाव विमानतळाचं त्यात काय?

उंचीचे आकडे दोन असतात: जमिनीपासून अँटेनाच्या टोकापर्यंतचा आणि समुद्रसपाटीपासून जागेचा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हे दोन रकाने उलटे भरले की वीस मीटरचा पाइप कागदावर पाचशे साठ मीटरचा टॉवर होतो. हसू येतं, पण अर्ज मात्र लटकतो. इमारतीवर पाइप असेल तर इमारतीची उंची आणि पाइपची उंची वेगळी लिहायची असते, बेरीज करून एकच आकडा ठोकायचा नाही.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानं त्याच धावपट्टीवरून उडतात. त्यामुळे त्याच्या आसपासच्या उंचीचं ना-हरकत पत्र हवाई दलाकडून लागतं. नागरी विमानतळांसाठी ते विमानतळ प्राधिकरणाकडून मिळतं, आणि इथे बरेच जण चुकीच्या दारावर जातात. २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांखाली विमानतळांभोवती रंगांच्या पट्ट्यांचे नकाशे आहेत. त्यात आपली जागा कुठल्या रंगात पडते ते आधी बघा. विमाननगर, खराडी, वडगावशेरी, धानोरी इथल्या गच्च्यांवर दोन-तीन मीटरचा फरकही महागात पडू शकतो. खडकवासल्याची एनडीए, खडकी, देहूरोड, पुणे कॅन्टोन्मेंट या लष्करी हद्दींजवळ बांधकामाचेच वेगळे निर्बंध असू शकतात. सॅक्फाची मंजुरी आली म्हणजे तेही सुटलं असं समजू नका.

जुन्या साइटवर आणखी एक गंमत घडते. मंजुरी १८ मीटरची असते, नंतर कुणीतरी वरती वीज-निवारक सळई लावतो. ती सळई उंचीत धरायची का? हो. विमानाला सळई आणि अँटेना यांतला फरक कळत नाही.

९. लायसनवर २५ वॉट आहे आणि सेटवरही २५ वॉट लिहिलंय. मग झालं की!

लायसनवरचा आकडा कशाचा आहे ते आधी वाचा: ट्रान्समीटरच्या आउटपुटचा की प्रत्यक्ष फेकल्या जाणाऱ्या पॉवरचा, म्हणजे ईआरपीचा. सगळा घोळ इथेच आहे.

पॉवर डीबीएममध्ये आणि वाढ-घट डीबीमध्ये लिहिली की हिशेब नुसत्या बेरीज-वजाबाकीने होतो. २५ वॉट म्हणजे ४४ डीबीएम. तीस मीटर आरजी-२१३ केबल १६० मेगाहर्ट्झला साधारण पावणेतीन डीबी खाते. अँटेना ६ डीबीडीची (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत ६ डीबी जास्त) असेल तर ४४ वजा पावणेतीन अधिक ६, म्हणजे सव्वासत्तेचाळीस डीबीएम. वॉटमध्ये सुमारे ५३. याच पॉवरला ईआयआरपीच्या हिशेबात, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मोजलं तर आणखी २.१५ डीबी धरावे लागतात आणि आकडा ८७ वॉटच्या घरात जातो. तिन्ही आकडे बरोबर आहेत. चुकीच्या रकान्यात लिहिला की तोच आकडा चुकीचा होतो. अँटेनाच्या कागदावर गेन डीबीआयमध्ये (त्याच काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) आहे की डीबीडीमध्ये हे बघायला विसरू नका. विक्रेते नेहमी मोठा दिसणारा आकडा छापतात.

उलटं पण होतं. भोसरीच्या एका कारखान्यात तक्रार अशी की रेंज येत नाही, म्हणून ५० वॉटचा सेट हवा. वर जाऊन बघितलं तर तीस मीटर आरजी-५८ टाकलेली. ती केबल तेवढ्या अंतरात ६ डीबी खाते. २५ वॉटमधले वर पोचत होते जेमतेम ६. केबल बदलली, लायसनला हात लावायची वेळ आली नाही.

१०. मीटर लावून नक्की काय काय मोजता?

पॉवर आणि परत येणारी पॉवर बर्ड मीटरवर, बाकीचं सर्व्हिस मॉनिटर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर. फ्रिक्वेन्सी किती सरकली आहे ते बघतो. २.५ पीपीएमचा (दहा लाखांत अडीच इतक्या फरकाचा) सेट १६० मेगाहर्ट्झला ४०० हर्ट्झपर्यंत इकडेतिकडे असला तर चालतं, त्यापुढे गेला तर क्रिस्टल म्हातारा झालाय असं समजायचं. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलला डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी किती हलते ते) अडीच किलोहर्ट्झच्या आत हवं. मग हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी जाणारी पॉवर: १६० वर बोलताना ३२० आणि ४८० वर काही सांडतंय का?

केबल-अँटेनासाठी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनात न जाता पॉवर किती परत फिरते याचं माप. दीड आलं तर ४ टक्के पॉवर परत येते, दोनला ११ टक्के, तीनला २५. दीडच्या आत असेल तर आम्ही पुढे जातो. मागच्या वर्षीचं रीडिंग तुमच्याकडे असेल तर ते आमच्या मीटरपेक्षा जास्त सांगून जातं. १.२ वरून १.५ झालेली साइट ही सतत १.५ असलेल्या साइटपेक्षा वाईट.

११. ॲनालॉगचे डिजिटल केले. फ्रिक्वेन्सी तीच, पॉवर तीच. तरी लायसन बदलायचं?

हो, आणि हा मुद्दा हमखास सुटतो. लायसनवर फ्रिक्वेन्सीशेजारी एक विचित्र दिसणारा कोड असतो, उदाहरणार्थ १६के०एफ३ई. त्याचा अर्थ: १६ किलोहर्ट्झ रुंदीचं, एफएम, ॲनालॉग आवाजाचं प्रक्षेपण. डीएमआर डिजिटल सेटचा कोड असतो ७के६०एफएक्सई. रुंदी कमी झाली, म्हणजे तुम्ही जागा कमी घेताय. तरीही प्रक्षेपणाचा प्रकार बदललाच आणि सेटची मॉडेलंही बदलली. दोन्हींची नोंद हवी. डीलर सेट विकताना ‘फक्त अपग्रेड आहे’ म्हणतो. त्याच्या बाजूने ते खरंही असतं.

१२. शेजारच्या इमारतीवर नवा रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा जोराने फेकणारा सेट) लागला आणि आमच्यात खरखर सुरू झाली. दोघांचीही लायसन बरोबर आहेत. मग चूक कुणाची?

कदाचित कुणाचीच नाही. दोन ट्रान्समीटर जवळजवळ असले की त्यांच्या मिश्रणातून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होते. एक १६०.०२५ वर आणि दुसरा १६२.१०० वर असेल, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, १५७.९५०. तुमचा रिसीव्ह चॅनल नेमका तिथे असला की झालं. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात, आणि एकाच टेकडीवर, एकाच गच्चीवर गर्दी झाली की ते वाढतं.

मिश्रण कुठे होतंय हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल तेवढा कमी करणारा जोड) लावा. खरखर ३ डीबीने कमी झाली तर ती बाहेरून तयार होऊनच येते आहे. ९ डीबीच्या आसपास कमी झाली तर तुमचाच रिसीव्हर भारावला आहे आणि मिश्रण त्याच्या पोटात होतंय. पहिल्या प्रकारात ट्रान्समीटरला आयसोलेटर (बाहेरून उलटा येणारा सिग्नल अडवणारा) लागतो, दुसऱ्यात रिसीव्हरपुढे कॅव्हिटी फिल्टर (आपली फ्रिक्वेन्सी सोडून बाकीच्या अडवणारा).

तिसरा गुन्हेगार पुण्याच्या पावसाळ्यानंतर हमखास सापडतो: गंजलेला बोल्ट. दोन धातूंमध्ये गंज बसला की तो सांधा डायोडसारखा वागतो आणि मिश्रण तिथेच होतं. सिंहगडाच्या बाजूच्या, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरच्या साइट ऑक्टोबरात तपासाव्यात त्या यासाठी. एका ठिकाणी दोन दिवस उपकरणं बदलत बसलो होतो. शेवटी आमच्या रिगरने (टॉवरवर चढून काम करणाऱ्याने) कुणीतरी सोडून दिलेल्या जुन्या डिश-माउंटचा क्लॅम्प काढला आणि खरखर गेली.

१३. टॉवर आणि अर्थिंग परवान्यात येतं का?

रेडिओच्या परवान्यात नाही, पण ऑडिटमध्ये आम्ही घेतोच. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईला ४४. टेकडीच्या माथ्यावर यात आणखी गुणक लागतो. टॉवरचं डिझाइन दोन अँटेनांचं आणि आज वर सहा लटकतायत, हे चित्र नेहमीचं. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणल्याशिवाय आमचा रिगर वर जात नाही.

अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात घ्या, जुलैत नाही. खाली काळा पाषाण आणि वर मुरूम अशी पुण्याची जमीन, ती सुकली की रोध चढतो. नेमकी त्याच दिवसांत वळवाच्या पावसाची वीज पडते. जुलैत ओल्या मातीतलं रीडिंग सगळ्यांचंच छान येतं.

१४. टॉवर भाड्याचा आहे, वर पाच कंपन्यांच्या अँटेना आहेत. जबाबदारी कुणाची?

लोखंड, पाया, दिवे, कुंपण: टॉवर मालकाची. ट्रान्समीटर ज्याचा, त्याचा परवाना. मालकाकडे सॅक्फा आहे म्हणून तुम्हाला तुमचा अर्ज टळत नाही. रिगर वर चढण्याआधी कुणाकुणाची पॉवर बंद करायची हे करारात लिहिलेलं असावं. पाचांपैकी एकाचा माणूस फोन उचलत नाही म्हणून चालू अँटेनासमोर काम करायला कुणालाही लावू नका.

१५. आमचा प्लॉट नारायणगावजवळ आहे. तिथे काही वेगळा नियम?

हो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पुण्याहून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. चालवते एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था, तिचं कार्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात. या डिश साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये आकाश ऐकतात. आपले वॉकीटॉकी, रिपीटर, टेलिमेट्री सगळं त्याच पट्ट्यात येतं. आपल्याला जो सिग्नल ‘अगदीच क्षीण’ वाटतो तो तिथे आरडाओरडा असतो.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत एक तळटीप आहे. तिच्यामुळे १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा तुकडा भारत आणि ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक दर्जाने दिलेला आहे. ३२२ ते ३२८.६ वरही खगोलशास्त्राचा हक्क आहे, आणि १४०० ते १४२७ मध्ये तर जगात कुणीच प्रक्षेपण करायचं नाही, तिथे हायड्रोजनची रेषा, म्हणजे अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारा सिग्नल आहे. जुन्नर, आंबेगाव, मंचर, नारायणगाव भागातल्या साइटवर आम्ही मूळ फ्रिक्वेन्सीसोबत हार्मोनिक्स आणि आसपास सांडणारी पॉवर नेहमीपेक्षा बारकाईने मोजतो. नवी साइट टाकायच्या आधी एनसीआरएशी बोलून घ्या. जागा टेकडीच्या पलीकडे सरकवली की प्रश्न अनेकदा तिथेच मिटतो.

१६. बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नाही. सोसायटीने बूस्टर बसवला तर?

बसवू नका. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी ऑपरेटरने घेतलेल्या असतात, त्यावर बूस्टर लावायचा अधिकार त्याचाच. खाजगी बूस्टर बिनपरवाना ट्रान्समीटर ठरतो, शिवाय आजूबाजूच्या टॉवरची ऐकण्याची क्षमता बिघडवतो. ऑपरेटरला लेखी कळवा, इमारतीतलं जाळं तो टाकून देऊ शकतो. गच्चीवर आधीच कुणी बूस्टर लावला असेल तर ऑडिटच्या अहवालात आम्ही तो लिहिणारच.

१७. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या रेडिएशनची तपासणी तुम्ही करता?

मोजून देतो, पण सरकारी मोजणी हवी असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या तरंग संचार पोर्टलवर अर्ज करा. फी भरली की अधिकारी येऊन तुमच्यासमोर मोजतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली आहे: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट, २००० आणि पुढे १ वॉट. टॉवरवर चार ऑपरेटर असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा बघून भागत नाही, सगळ्यांच्या वाट्याची बेरीज मर्यादेत हवी.

१८. वाय-फाय लिंक, सेन्सर, कम्युनिटी रेडिओ, हॅम: यांना यातलं काय लागू?

दोन शेडमधली ५ गिगाहर्ट्झची लिंक परवान्यातून सुटते, पण पॉवरच्या मर्यादेत आणि ईटीए असेल तरच. सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडलेला आहे का ते बघा. जास्त पॉवर मिळावी म्हणून दुसराच देश निवडलेल्या लिंक आम्हाला दर महिन्याला दिसतात. सेन्सरसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ खुला आहे. अमेरिकेतून मागवलेले सेन्सर ९०२ ते ९२८ वर बोलतात, आणि त्यातला ९१५ पर्यंतचा भाग आपल्याकडे मोबाइल हँडसेटचा आहे. ते परत पाठवा. आणि लिंकला परवाना नसला तरी पाइपच्या उंचीला प्रश्न ८ लागू होतोच.

कम्युनिटी रेडिओला ईआरपी १०० वॉटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. ५० वॉटचा ट्रान्समीटर आणि ३ डीबीडीची अँटेना असेल तर केबल सोडून हिशेब बरोबर १०० वर येतो. कुणी देणगी म्हणून मोठी अँटेना दिली तर ती लावण्याआधी प्रश्न ९ वाचा.

हॅम परवाना १९७८ च्या नियमांखाली व्यक्तीला मिळतो, धंद्यासाठी वापरता येत नाही. मालक हॅम आहे म्हणून कारखान्याचे सेट १४४ ते १४६ वर लावता येणार नाहीत. ‘गेट नंबर दोन, ट्रक सोड’ हे १४५ वर ऐकून शहरातले हॅम आम्हालाच फोन करतात.

१९. ऑफिस कोथरूडहून बाणेरला हलवलं. बेस सेटही नेला. जुने बंद पडलेले सेट भंगारात दिले. काही अडचण?

दोन अडचणी. बेस स्टेशन परवान्यावर जागेसकट असतं. नव्या जागेची सॅक्फा आणि परवान्यात बदल झाल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, अंतर पाच किलोमीटरचं असलं तरी. कंपनीचं नाव बदललं किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तरी तेच: परवाना आपोआप नव्या नावावर जात नाही, अर्ज करावा लागतो.

भंगाराचं जास्त वाईट. बंद पडलेला सेटही परवान्यावर मोजला जातो आणि तो काढून टाकायचा तर आधी डब्ल्यूपीसीला कळवून परवानगी घ्यायची असते. म्हणून शहाणे लोक जुने सेट कपाटात ठेवतात. पण यादीतून काढायचा अर्ज करत नाहीत आणि त्यांची रॉयल्टी, परवाना फी भरत राहतात. लायसन संपल्यावर तेच सेट प्रश्न ४ मधल्या ‘बाळगण्या’त येतात. भंगारात गेलेला सेट रविवारी जुन्या बाजारात चादरीवर मांडलेला सापडू शकतो, सीरियल नंबरसकट. बॅटरी घातली की तो तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतो. सेट आधीच दिले असतील तर सीरियल नंबर, तारीख आणि कुणाला दिले ते आजच लिहून काढा आणि त्यासह विभागाला पत्र द्या. तपासणीत त्यांना सापडण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही बरं पडतं.

२०. ऑडिटला किती वेळ लागतो? साइट बंद ठेवावी लागेल का?

एक रिपीटर आणि वीस-पंचवीस हँडसेट असतील तर साइटवर अर्धा दिवस. बंद ठेवावी लागते ती केबल सोडून मोजतो तेवढा वेळ, साधारण पाऊण तास, आणि रिगर वर असताना. पाळी बदलायच्या वेळेला बोलावू नका, तेव्हा हँडसेट हातात मिळत नाहीत. कागद शोधायला किती वेळ लागेल हे तुम्हालाच माहीत. आम्ही यायच्या आदल्या दिवशी सॅक्फाचं पत्र सापडलं का, एवढा एक फोन करा.